शस्त्राविना पहारा : ‘पीस ब्रिगेड्स इंटरनॅशनल’ची वाटचाल

कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात बिग रिडो नावाचे मोठे सरोवर आहे. त्यातील ग्राइंडस्टोन बेटावर क्वेकर पंथीयांची शांतताविषयक शिबिरे भरत. १९८१ च्या ऑगस्टअखेरीस तेथे निरनिराळ्या देशांतील जेमतेम दहा-बारा माणसे जमली. चार-पाच दिवस खल झाला आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ‘पीस ब्रिगेड्स इंटरनॅशनल’ ही संस्था स्थापन झाली. जमलेल्यांत अमेरिकेचे चार्ल्स वॉकर आणि जॉर्ज विलोबी हे मुरलेले क्वेकर कार्यकर्ते होते, आणि भारतातून गेलेले नारायण देसाई होते. गांधीजींचे चिटणीस महादेवभाई देसाई यांचा हा मुलगा साबरमती आणि सेवाग्रामच्या आश्रमांत वाढला होता आणि त्याच्या गाठीला शांतिसेनेच्या कामाची दोन दशके होती.

त्याच बेटावर १९६५ साली एक विलक्षण प्रयोग झाला होता. बेट शत्रूने बळकावले आहे असे धरून काही शांततावाद्यांनी निःशस्त्र प्रतिकाराची रंगीत तालीम केली. एकतीस तासांनी तालीम थांबली तेव्हा प्रतिकार करणाऱ्यांपैकी तेरा जण पंचांच्या हिशेबात ‘मृत’ होते. नुसत्या सद्भावनेवर विसंबले तर काय होते, हे त्या बेटाने आधीच दाखवून ठेवले होते. पुढे या संस्थेने तयारीवर आणि टिपणवहीवर जो भर दिला, तो पाहताना ही तालीम आठवते.

संस्थेची कागदोपत्री जन्मभूमी कॅनडा असली तरी तिचे आजोळ वर्ध्याला आहे. दंगलीच्या वस्तीत निःशस्त्र जाऊन उभे राहणारे पथक असावे ही शांतिसेनेची कल्पना गांधीजींनी वारंवार मांडली. अशा पथकातील माणसाच्या अंगी काय हवे, ते १९३८ साली ‘हरिजन’मध्ये त्यांनी तपशीलवार लिहिले. अहिंसेवर श्रद्धा आणि सर्व धर्मांबद्दल आदर या अटी अपेक्षितच होत्या. त्या माणसाची शांततेच्या दिवसांत मोहल्ल्यात ओळख आणि सेवा असली पाहिजे, ही अट मात्र खास त्यांची. १९४८ च्या फेब्रुवारीत सेवाग्रामला रचनात्मक कार्यकर्त्यांचे संमेलन घ्यायचे ठरले होते. ते झाले मार्चमध्ये, गांधीजींच्या हत्येनंतर. नेहरू, विनोबा, जयप्रकाश सगळे आले, शोक झाला, सर्व सेवा संघाची पायाभरणी झाली. शांतिसेना मात्र आणखी नऊ वर्षे कागदावरच राहिली.

१९५७ साली केरळच्या पदयात्रेत विनोबांनी ती उभी केली. गागोद्याच्या या माणसाला गणिताची आवड होती आणि ती येथेही दिसली: दर पाच हजार लोकवस्तीमागे एक शांतिसैनिक, म्हणजे देशाला सत्तर हजारांवर. तो आकडा कधीच गाठला गेला नाही. पण काशीच्या राजघाटावरून चालणाऱ्या शांतिसेना मंडळाने जी कामे केली ती थोडीथोडकी नव्हती. जयप्रकाश मंडळाचे अध्यक्ष होते आणि १९६२ पासून चिटणीसपदाचा भार नारायणभाईंवर होता. १९६९ च्या अहमदाबाद दंगलीनंतर शांतिसैनिक तेथे महिनोन्‌महिने राहिले. अफवेचा माग काढणे, दोन्हीकडच्या म्होरक्यांशी बोलणे, निर्वासितांना त्यांच्या घरी परत नेऊन बसवणे, असे ते काम होते. वर्तमानपत्रांत त्याची बातमी होत नसे, आणि झाली असती तरी तिला मथळा मिळाला नसता.

देशाबाहेर पाऊल टाकण्याचा पहिला प्रयत्न ‘वर्ल्ड पीस ब्रिगेड’चा. १ जानेवारी १९६२ रोजी लेबनॉनमधील ब्रुम्माना गावी ती स्थापन झाली. अमेरिकेचे ए. जे. मस्टी, इंग्लंडचे पाद्री मायकेल स्कॉट आणि जयप्रकाश असे तीन सहअध्यक्ष होते. उत्तर ऱ्होडेशियाच्या स्वातंत्र्यासाठी केनेथ काउंडांच्या पाठीशी उभे राहावे, टांगानिकातून सीमेपार हजारोंचा मोर्चा न्यावा, अशी दार-ए-सलामला तयारी झाली. तेवढ्यात निवडणुकीचा मार्ग खुला झाला आणि मोर्चाची गरजच उरली नाही.

दुसरा उपक्रम आपल्या अधिक जवळचा. चीनशी युद्ध होऊन काही महिनेच लोटले होते, तेव्हा १ मार्च १९६३ रोजी दिल्लीच्या राजघाटावरून पेकिंगकडे एक मैत्रीयात्रा पायी निघाली. नेतृत्व होते शंकरराव देव यांचे. काँग्रेसचे आणि संयुक्त महाराष्ट्र परिषदेचे राजकारण पाहिलेला हा माणूस उतारवयात सीमा ओलांडून शत्रूच्या राजधानीत चालत जायला निघाला, हे महाराष्ट्राने फारसे लक्षात ठेवलेले नाही. वाटेत यात्रेकरूंना देशद्रोही म्हणणारे भेटले. चीनने प्रवेश नाकारला, पूर्व पाकिस्तानातून आणि ब्रह्मदेशातूनही वाट मिळाली नाही. १९६४ च्या जानेवारीत आसामात यात्रा संपली. जगाचे लक्ष वेधणारे भव्य काही करावे, या हौसेचा तो शेवट होता असे मला वाटते. त्याच वर्षी जयप्रकाश, मायकेल स्कॉट आणि आसामचे मुख्यमंत्री बिमलाप्रसाद चालिहा यांच्या शांतिमंडळाने नागालँडमध्ये ६ सप्टेंबरपासून युद्धविराम घडवून आणला. तेथे शांतिसेनेच्या लोकांनी निरीक्षक म्हणून खेडोपाडी फिरून तक्रारी नोंदवल्या. नागालँडच्या या कामाला पल्ला होता.

सायप्रसचे उदाहरण मात्र मनाला लागते. १९६३-६४ च्या दंगलींत घरे सोडावी लागलेल्या तुर्की सायप्रियटांना आपापल्या खेड्यांत परत वसवण्यासाठी १९७२ पासून नारायणभाई, वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रीक आणि तुर्की पुढाऱ्यांच्या उंबरठ्यांवर चपला झिजवल्या. तोडगा दृष्टिपथात आला होता. १५ जुलै १९७४ ला निकोसियात सत्तापालट झाला, पाच दिवसांनी तुर्कस्तानचे सैन्य उतरले आणि सगळी मेहनत पाण्यात गेली. इकडे भारतात बिहार आंदोलनावरून विनोबा आणि जयप्रकाश यांचे मार्ग वेगळे झाले, सर्व सेवा संघ दुभंगला आणि त्या ओढाताणीत शांतिसेना मंडळही मोडले. सात वर्षांनी ग्राइंडस्टोन बेटावर नारायणभाई जाऊन बसले ते या दोन्ही जखमा घेऊन.

नव्या संस्थेने सुरुवातीपासून काही पथ्ये पाळली. स्थानिक लोकांनी बोलावल्याशिवाय जायचे नाही. त्यांच्या कामात लुडबुड करायची नाही, म्हणजे त्यांचे धोरण ठरवायचे नाही, भाषण करायचे नाही, घोषणा द्यायच्या नाहीत. कोणत्याही पक्षाची बाजू घ्यायची नाही. निर्णय एकमतानेच घ्यायचे. या शेवटच्या पथ्यापायी बैठका किती लांबतात याची कल्पना ज्यांनी सर्वोदयी बैठका पाहिल्या आहेत त्यांना असेल. तरीही आपण नक्की काय करणार, हे संस्थापकांना पुरते ठाऊक नव्हते. डोळ्यांसमोर होती मध्यस्थी, युद्धविरामाचे निरीक्षण, प्रशिक्षण, पुनर्वसन. संस्थेला खरी ओळख ज्या कामाने दिली ते ग्वाटेमालात जवळजवळ अपघाताने सापडले.

१९८३ च्या वसंतात पहिली छोटी तुकडी ग्वाटेमाला शहरात एक घर भाड्याने घेऊन राहिली. देशात लष्करी राजवट होती. १९६० ते १९९६ या काळात तेथे दोन लाखांवर माणसे मारली गेली किंवा नाहीशी झाली, बहुसंख्य माया आदिवासी, आणि बहुतांश अत्याचार सरकारी दलांचे, असा निष्कर्ष सत्यशोधन आयोगाने १९९९ मध्ये काढला. १९८३ साली मात्र हे मोठ्याने बोलायची कोणाची छाती नव्हती. बेपत्ता नवऱ्यांना आणि मुलांना शोधत शवागारांचे उंबरे झिजवणाऱ्या काही बायका तेथेच एकमेकींना ओळखू लागल्या. त्यांना एकत्र बसायला जागा हवी होती. परदेशी लोकांच्या त्या घरात त्यांच्या बैठका सुरू झाल्या आणि १९८४ च्या जूनमध्ये ‘ग्रुपो दे आपोयो मुतुओ’, परस्पर आधार गट, उभा राहिला. नीनेथ मोन्तेनेग्रो त्यातली एक. तिचा नवरा फर्नांदो गार्सिया, विद्यार्थी आणि कामगार चळवळीतला तरुण, १८ फेब्रुवारी १९८४ ला रस्त्यातून उचलला गेला होता. मुलगी अजून तान्ही होती.

१९८५ च्या मार्चमध्ये लष्करी राष्ट्रप्रमुख मेहिया विक्तोरेस यांनी या गटावर जाहीर आरोप केले. ३० मार्चला गटाचे एक नेते एक्तोर गोमेस यांचा खून झाला. ४ एप्रिलला रोसारिओ गोदोय ही दुसरी पुढारी, तिचा भाऊ आणि तिचे दोन वर्षांचे मूल यांचे मृतदेह गाडीत सापडले. सरकारदरबारी तो अपघात ठरला. उरलेल्या बायकांनी संस्थेच्या तुकडीला एकच विचारले: तुम्ही आमच्याबरोबर राहाल का?

तेव्हापासून सोबतीचे काम सुरू झाले. ते कसे चालते ते नीट सांगायला हवे, कारण बाहेरून पाहणाऱ्याला ते काहीच न करणे वाटते. स्वयंसेवक सकाळी कार्यकर्तीच्या घरी पोचतो. ती बसने निघाली की दोन पावले मागे राहतो, ती कार्यालयात गेली की बाहेर बाकावर बसतो, मोर्चात कडेने चालतो आणि घोषणेला तोंड उघडत नाही. गळ्यात कॅमेरा, खिशात वही. फाटकासमोर बिननंबरची गाडी उभी राहिली तर वेळ, रंग, आतल्या माणसांची संख्या लिहून घेतो. रात्री कार्यकर्तीच्याच घरात अंथरूण टाकतो. बायका बोलत असतील तेव्हा गप्प बसणे हाही कामाचा भाग, आणि पुष्कळांना तोच सगळ्यात अवघड जातो.

याच्या मागे दुसरी, न दिसणारी यंत्रणा असते. तुकडीतील दोघे-तिघे नियमाने मंत्र्यांना, पोलीसप्रमुखांना, कर्नलांना आणि वकिलातींना भेटतात. आम्ही या या लोकांबरोबर असतो, एवढेच सभ्यपणे सांगतात, आणि काही झालेच तर युरोप-अमेरिकेतील शेकडो लोकांच्या तारा, टेलेक्स, पुढे फॅक्स, काही तासांत त्याच अधिकाऱ्याच्या टेबलावर येऊन पडतील याची तजवीज करून ठेवतात. परदेशी मदतीवर ज्या राजवटीचा डोळा असतो तिला हा हिशेब कळतो. मारेकऱ्याला हृदयपरिवर्तनाची गरज नसते. परिणामांची भीती पुरते. विनोबांना ही भाषा रुचली नसती. त्यांचा भर हृदयपरिवर्तनावर, आणि येथे सारे गणित धाकाचे, फक्त शस्त्राविना. संस्था भारतातून जे घेऊन निघाली आणि ग्वाटेमालात ज्यावर येऊन ठेपली, त्यांतला हा फरक झाकण्यात अर्थ नाही. मला तो अधोगतीचा वाटत नाही. नीनेथ जिवंत राहिली, पुढे तेथील संसदेत निवडून गेली.

तुकडीला याची किंमत मोजावी लागली नाही असे नाही. १९८९ च्या ऑगस्टमध्ये संस्थेच्या घरावर हातबाँब पडला आणि डिसेंबरमध्ये तीन स्वयंसेवकांना रस्त्यात भोसकले गेले. तिघेही वाचले, घर चालू राहिले. त्याच काळात कीचे प्रांतात सक्तीच्या गावपहाऱ्याविरुद्ध उठलेल्या आदिवासींना तुकडी सोबत करत होती. २० जानेवारी १९९३ ला मेक्सिकोतील छावण्यांमधून सुमारे अडीच हजार निर्वासित बसच्या ताफ्यांतून मायदेशी परतले तेव्हाही तिचे लोक त्यांच्याबरोबर होते.

१९८९ सालचाच एक प्रसंग शेजारच्या एल साल्वादोरमधला. नोव्हेंबरमध्ये बंडखोरांनी राजधानीवर मोठा हल्ला चढवला आणि सरकारने चर्चच्या आश्रयकेंद्रांवर धाडी घातल्या. अशाच एका केंद्रातून संस्थेच्या काही स्वयंसेवकांना पकडले. त्यांत एक कॅनडाची तरुणी होती आणि एक कोलंबियाची. दोघींना डोळ्यांवर पट्ट्या बांधून पोलीस कोठडीत नेले, दमदाटी आणि मारहाण झाली. तिकडे फोन खणखणू लागले, आणि काही तासांत कॅनडाच्या वकिलातीचा माणूस आपल्या नागरिकाला न्यायला दारात येऊन उभा राहिला. बाहेर पडताना तिला दिसले, की मैत्रीण अजून डोळे बांधलेल्या अवस्थेत भिंतीकडे तोंड करून उभी आहे. तिच्यासाठी कोणाची वकिलात आली नव्हती. ही दारातून मागे फिरली आणि पुन्हा कोठडीत गेली. शिपायांनी खिल्ली उडवली, मग कारण विचारले. सोबत्याला मागे ठेवून जाणे कसे असते ते तुम्हा शिपायांना ठाऊक असेल, असे काहीसे ती बोलली, आणि खिल्ली थांबली. पुढे दोघी एकत्रच सुटल्या.

हा प्रसंग स्वयंसेवकांच्या शिबिरांत धैर्याचा नमुना म्हणून सांगितला जातो, आणि तो तसा आहेच. पण त्यात संस्थेचे सगळ्यात नाजूक दुखणेही आहे. पहारा चालतो तो पासपोर्टच्या रंगावर. कॅनडाच्या मुलीला हात लावला तर गाजावाजा होतो, कोलंबियाच्या मुलीला लावला तर होत नाही, हे ज्या जगात खरे आहे त्याच जगाच्या पक्षपातावर ही पद्धत उभी आहे. तिला जन्म देणाऱ्यांत नारायण देसाई होते, पण एखाद्या भारतीय स्वयंसेवकाला त्या रस्त्यावर उभे केले असते तर कर्नलाने तितकी पर्वा केली असती का? संस्थेत यावर वर्षानुवर्षे वाद झाला. लॅटिन अमेरिका, आफ्रिका, आशियातले स्वयंसेवक तुकड्यांत येऊ लागले. प्रश्न मिटला असे म्हणवत नाही. पण तो गालिच्याखाली सारला गेला नाही, हे खरे.

श्रीलंकेतील काम आपल्या शेजारचे असूनही आपल्याकडे अगदीच अपरिचित आहे. १९८९ साली दक्षिणेत जनता विमुक्ती पेरामुना या संघटनेचा उठाव आणि सरकारी दमन यांच्या कात्रीत माणसे हजारोंनी नाहीशी होत होती. बेपत्ता माणसांसाठी हेबियस कॉर्पसचे अर्ज करणाऱ्या वकिलांचेच खून पडू लागले. वकिलांनी बोलावले आणि ऑक्टोबरमध्ये तुकडी कोलंबोत आली. तेव्हा देशाच्या उत्तरेत आणि पूर्वेत भारताचे शांतिरक्षक सैन्य हजारोंच्या संख्येने होते, ते मार्च १९९० मध्ये परतले. हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी ही तुकडी नऊ वर्षे राहिली, पुढे बट्टिकलोआच्या बाजूलाही गेली. १९९८ मध्ये सरकारने तिच्या अहवालांवर आपली नजर असावी अशी अट घातली. ती मान्य करण्याऐवजी संस्थेने गाशा गुंडाळला. निर्णय तत्त्वाला धरून होता. मागे राहिलेल्या वकिलांना तो कसा वाटला असेल, हा प्रश्न वेगळा.

इंडोनेशिया, नेपाळ, मेक्सिको, होंडुरास, केनिया असा पुढचा पसारा. त्यात सर्वांत मोठे काम कोलंबियाचे. १९९४ मध्ये ते सुरू झाले. बोगोटातील मानवी हक्कांचे वकील, बारांकाबेर्मेहा या तेलनगरीतील स्त्रियांची संघटना आणि ऊराबा भागातील सान होसे दे आपार्तादो हे खेडे, अशी सोबतीची ठिकाणे. या खेड्याने २३ मार्च १९९७ रोजी जाहीर केले की सैन्य, निमलष्करी टोळ्या किंवा गनिमी बंडखोर यांपैकी कोणालाही आम्ही अन्न, माहिती वा आसरा देणार नाही आणि आमच्या हद्दीत शस्त्र चालणार नाही. तिन्ही बाजूंनी त्याची शिक्षा दिली. संस्थेचे स्वयंसेवक तेथे पाळीपाळीने राहत, चिखलवाटांवरून गावकऱ्यांबरोबर चालत.

२१ फेब्रुवारी २००५ ला गावाचे नेते लुईस एदुआर्दो गेर्रा आणि आणखी सात जण, त्यांत लहान मुले, दूरच्या वाड्यांवर मारले गेले. तेथे त्या दिवशी सोबत नव्हती. निमलष्करी टोळीबरोबर त्या मोहिमेत असलेल्या सैन्याच्या एका कॅप्टनने पुढे न्यायालयात गुन्हा कबूल केला. सोबत असते तेथे मारेकरी कचरतो, नसते तेथे नाही, आणि ती सगळीकडे पुरत नाही. स्वयंसेवक थोडे, वाड्या पुष्कळ.

माणसे मिळवणेही सोपे नाही. वय किमान पंचवीस, स्थानिक भाषा उत्तम, निदान वर्षभराची बांधिलकी, मोबदला म्हणजे राहणे-खाणे आणि हातखर्च. वर्षाअखेरीस परतलेल्यांचा अनुभव मात्र वाया जात नाही. २००२ च्या अखेरीस दिल्लीजवळ सूरजकुंड येथे जगभरची माणसे जमून ‘नॉनव्हायोलंट पीसफोर्स’ ही भावंडसंस्था स्थापन झाली, तिच्या घडणीत हा अनुभव होता. पगारी, व्यावसायिक, मोठ्या पथकांची ती संस्था आधी श्रीलंकेत, मग फिलिपिन्सच्या मिंदानाओत आणि दक्षिण सुदानमध्ये गेली. सेवाग्रामला रखडलेला विचार ब्रुम्माना आणि ग्राइंडस्टोन करून दिल्लीच्या वेशीवर पोचायला मार्च १९४८ पासून चोपन्न वर्षे लागली. नारायणभाई तोवर वेडछीला संपूर्ण क्रांती विद्यालय चालवत होते. पुढे गावोगाव गांधीकथा सांगत फिरले आणि २०१५ मध्ये गेले.

ग्वाटेमालाचे काम शांतता करारानंतर १९९९ मध्ये थांबवले होते. धमक्या परतल्या तशी २००३ मध्ये तुकडीही परतली. २००५ मध्ये राजधानीत राष्ट्रीय पोलिसांचे दडवलेले कागदपत्र सापडले, कोट्यवधी पानांचे. त्यांच्या आधारे २०१० मध्ये फर्नांदो गार्सियाला नाहीसे केल्याबद्दल दोन माजी पोलिसांना प्रत्येकी चाळीस वर्षांची शिक्षा झाली. १९८४ मध्ये तान्ही असलेली त्याची मुलगी तोवर वकील झाली होती आणि खटल्यात फिर्यादीच्या बाजूने उभी होती.

अलीकडे मात्र कामाचे स्वरूप पालटले आहे. पूर्वी धमकी कोठून येते ते ठाऊक असे आणि तो कर्नल भेटीची वेळ देई. आता सोबत मागणारे बहुधा धरण, खाण किंवा पामच्या मळ्यांविरुद्ध जमीन आणि पाणी राखणारे लोक असतात, आणि त्यांच्यावर सोडलेला भाडोत्री मारेकरी कोणाच्याच नोंदवहीत नसतो. वकिलातीतून आलेल्या फोनचा त्याच्यावर परिणाम होत नाही. म्हणून तुकड्यांची पत्रे आता मंत्रालयांबरोबर कंपन्यांच्या मुख्यालयांकडे, त्यांना पैसा पुरवणाऱ्यांकडे आणि युरोपातील खासदारांकडेही जातात. तिकडून उत्तर यायला वेळ लागतो. तोवर स्वयंसेवक बसमध्ये दोन पावले मागे बसलेला असतो.